भिंतीकडे तोंड केलेली शील्ड

बाबा,

तुमचा तो हलवाई गेला. गेल्या महिन्यात, पिकल्या वयात, झोपेतच. मी त्याच्या घरी भेटायला गेले होते. वाईट वाटलं म्हणून गेले असं समजू नका. तो खरोखर गेला याची डोळ्यांनी खात्री करून घ्यायची होती. इतकी वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढली आहेत, अशा ठिकाणी कसं बसायचं आणि चेहरा कसा ठेवायचा हे मला येतं. तसा ठेवला. पण तिथे जे ऐकलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना. आणि ते सांगायचं तर आधीचं सगळं काढावं लागेल, कारण त्याबद्दल मी तुमच्याशी तुमच्या हयातीत कधी नीट बोलले नाही. भांडले तेवढी.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. नागपुरात महालातलं आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. खाली सोल्यूशनचा वास, आणि कोपऱ्यात खिळ्याला टांगलेले फुटबॉल क्लबचे दोन चेंडू. तुम्ही क्लबचे सेक्रेटरी नव्हता, कमिटीतही नव्हता. तरुणपणी त्याच क्लबातून खेळलात, गुडघा कायमचा गेला, आणि धावता येईना तेव्हा चेंडू सांभाळायला लागलात. तेव्हाचे चेंडू चामड्याचे, आत रबरी ब्लॅडर, वर बुटासारखी लेस. ब्लॅडर फुटला की तुम्ही सायकलच्या ट्यूबला लावतात तसा त्याला पॅच लावायचात. खेळाडू म्हणायचे, आता नवा आणू. तुम्ही म्हणायचात, "काहून? रबर सडन, पण माहा पॅच नाही सुटनार."

तो सुटला. लीगची शेवटची मॅच, तलावापलीकडच्या क्लबाशी. बरोबरी झाली असती तरी आपण पहिल्या डिव्हिजनमध्ये राहिलो असतो. ज्याचं मैदान त्याचा चेंडू अशी आपल्याकडची रीत. एक चेंडू नाल्यात गेला होता, म्हणून दुसरा, तुमच्या पॅचचा, आत घेतला. आपण एका गोलने मागे आहोत आणि संपता संपता पेनल्टी मिळते. मी मैदानाच्या कडेला सायकल धरून उभी आहे. आपला फॉरवर्ड धावत येतो, लाथ मारतो, आणि ओलं पोतं आपटावं तसा आवाज होतो. चेंडू घरंगळत जातो. त्यांचा गोलकीपर चालत पुढे येतो, तो उचलतो, दोन्ही अंगठ्यांनी दाबतो आणि चेंडूला पडलेला खळगा चारही बाजूंना फिरून दाखवतो. सगळं मैदान हसतं. हलवाई त्यांच्या क्लबचा सर्वेसर्वा, रेषेलगत खुर्ची टाकून बसलेला, तो ओरडतो, "अरे सायकलवाले, पंप आना गा, पंप!" आपण बी डिव्हिजनमध्ये गेलो ते असे.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही विसरले असते. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा घेऊन जाणारी मारबत निघाली, आणि मारबतीमागून बडग्ये निघाले. ज्याची म्हणून वर्षभरात शोभा करायची राहिली असेल त्याचा बांबू-कागदाचा पुतळा, मिरवून शेवटी जाळायचा. त्या वर्षी एक बडग्या तुमचा होता. डोक्याच्या जागी पिचका चेंडू, त्यावर तुमच्यासारखी टोपी, अंगात तुमच्यासारखा खाकी शर्ट, हातात सायकलचा पंप. आणि तो खांद्यावर घेतलेले चौघेही उजव्या पायाने लंगडत होते. ठरवून, एका तालात. "हवा घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत ते आपल्या दारापाशी थांबले. हलवाई पुढे, हातात जिलबीची परात, गर्दीत तुकडे उधळतो आहे.

मी वरच्या खिडकीत होते. मला वाटलं तुम्ही टायर काढायचा लोखंडी रॉड घेऊन बाहेर याल. तुम्ही हात पुसत आलात. बडग्याची टोपी घसरली होती, ती नीट केलीत. मग म्हणालात, "पंप उलटा धरला न गा तुम्ही," आणि पंप सुलटा करून दिलात. लोक आणखी हसले. तुम्हीही हसलात.

वर आलात तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला लाज नाही वाटली?"

"पॅच माहाच सुटला होता न वं."

"आणि पाय? पाय लंगडा आहे तेही तुमचंच चुकलं?"

तुम्ही माठातलं पाणी घेतलंत, प्यायलात आणि खाली गेलात. मी त्याला भित्रेपणा म्हटलं. हा शब्द पुढे कितीतरी वर्षं मी मनात तुमच्या नावापुढे लावत आले. आणि त्याच खिडकीत ठरवलं की या हलवायाचा बडग्या मी काढीन, आणि तो त्याच्याच दुकानापुढे जाळीन.

बी डिव्हिजनचं ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. कडेला प्रेक्षक म्हणजे चरायला आलेल्या शेळ्या आणि तुम्ही. समोर कचेऱ्यांमधले पोट सुटलेले कारकून, नाहीतर होस्टेलची पोरं, ज्यांच्याकडे सारख्या रंगाची जर्सीसुद्धा नाही. आपण जिंकत गेलो आणि जिंकल्याचं कोणी बोलत नव्हतं. शेवटी शील्ड मिळाली. काळसर लाकूड, मध्ये पितळेचा पत्रा, आणि हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकी. एकाने गुलालाची पुडी सोडली तर कॅप्टनने त्याचा हात धरला. "थांब बे. याले नाचाचं का लपवाचं, पयले ठरवा." दुसरा म्हणाला, "जिंकलो त जिंकलो न! कोनाच्या घरून चोरून आनली काय?" तिसरा, वयाने मोठा गोलकीपर, बुटांची लेस सोडत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "याच पोरायले आपन मांगच्या साली प्रॅक्टिसलेही बोलावत नव्हतो." मग दोघे-तिघे नाचले, आणि नाचता नाचता कोणी पाहत तर नाही ना म्हणून मागे वळून पाहू लागले. नापास होऊन त्याच वर्गात बसलेला मुलगा पहिला आला की प्रगतिपुस्तक घरी दाखवावं की नाही, हे त्याला कळत नाही. अशी मुलं मी पुढे पुष्कळ पाहिली. त्यांच्यापैकी एकही त्या दिवशीच्या आपल्या क्लबाइतका गोंधळलेला नव्हता.

बँड ठरवलेला होता, म्हणून मिरवणूक निघाली. तलावापर्यंत बँड वाजला. मी सायकल हातात धरून मागून चालत होते, आणि मला फक्त पुढचा रस्ता दिसत होता, कारण तो हलवायाच्या दुकानावरून जात होता. तिथे बँड दुप्पट वाजावा, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं. वळणावर तुम्ही हात वर केलात आणि बँड थांबवलात. बाजेवाले बाजे काखेत धरून मुकाट चालू लागले. तुम्ही पुढे, दुपट्ट्यात गुंडाळलेली शील्ड छातीशी धरून, लंगडत. हलवाई झारा घेऊन ओट्यावर आला. "काहून गा, कोनाची मयत हाय का?"

"मयत नाही गा," तुम्ही म्हणालात, "शील्ड हाय. लहान हाय, आताच झोपली."

तो हसला. त्याचे कारागीर हसले. आपलेही हसले, आणि बरं वाटल्यासारखे हसले. मी हसले नाही. तुमचा विनोद चांगला होता हे तेव्हाही कळलं होतं, म्हणूनच जास्त संताप आला.

शील्ड ठेवायची कुठे यावर कमिटीत वाद झाला. जुन्या कपांच्या कपाटात ती नको, असं सगळ्यांचंच मत पडलं. कोणी घरी न्यायला तयार होईना. तुम्ही ती दुकानात आणलीत आणि टायरांच्या मागे खिळ्याला टांगलीत, तोंड भिंतीकडे करून. सकाळी कॉलेजला निघताना मी ती सुलटी करायची. संध्याकाळी येऊन पाहावं तर पुन्हा भिंतीकडे तोंड. एक शब्द न बोलता हे चालू होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय हाय बाबू, घड्याळ काय?" तुम्ही म्हणायचात, "हो. बंद हाय."

आणि मग माझा दिवस आला. पुढच्या सीझनला आपण वर होतो, आणि तलावापलीकडचा क्लब घसरत घसरत खाली गेला. शेवटची मॅच ते आपल्याशीच हरले. मी त्या दिवशी मैदानावरून थेट बुरडाकडे गेले आणि बांबू आणले. दुकानामागच्या पडवीत आठवडाभर खपले. माझ्या दोन मैत्रिणी मदतीला येत. पोटाच्या जागी जुनं टोपलं, त्यावर धोतर, हातात पत्र्याचा झारा, गळ्यात सुंभाची केशरी रंगवलेली जिलबी. चेहरा इतका साधला होता की मैत्रीण म्हणाली, "याले पाहून मले भूक लागून राहिली वं." बडग्या पोरं काढतात, पोरी नाही, हे आम्हाला माहीत होतं. खांदा द्यायला क्लबची चार मुलं तयार केली होती, आणि पुढे मी चालणार होते.

मारबतीच्या आदल्या दिवशी तुम्ही पडवीत आलात. बडग्याभोवती एक फेरी मारलीत. पोटावरून हात फिरवलात.

"मस्त केला," म्हणालात. मग खाली बसून दोऱ्या सोडायला लागलात.

"बाबा, काय करताय?"

"सोडून राहिलो."

"त्याने तुमचा काढला नव्हता? पाय लंगडवत?"

"काढला न."

"मग?"

तुम्ही जिलबी गळ्यातून काढलीत, झारा बाजूला ठेवलात. बांबू एकेक करून भिंतीला टेकवत म्हणालात, "वाट पाहू दे त्याले."

"कशाची?"

"उद्या समजन त्याले." यापलीकडे तुम्ही काही बोलला नाहीत. बांबू पुढे टायर टांगायला वापरलेत. मी दिवाळीपर्यंत तुमच्याशी बोलले नाही, आणि त्या दिवसापासून शील्ड सुलटी करणंही सोडलं. ज्याला पाठीचा कणा नाही त्याच्या भिंतीवर काय टांगलं आहे याच्याशी मला काय करायचं, असं माझं म्हणणं. पदवी घेतली, नोकरी लागली, तुम्ही थकत गेलात. तुम्ही गेलात तेव्हा हलवाई घाटावर आला होता. मला हात जोडले त्याने. मी जोडले नाहीत.

आता गेल्या महिन्याचं. समोरच्या खोलीत हलवायाचा थोरला मुलगा बसला होता. तोच आता आजोबा आहे. मी कोणाची कोण ते त्याला ओळखू आलं. "बाई, तुम्ही महालातल्या सायकलवाल्या काकाच्या न?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आमचे बाबूजी मारबतच्या दिवशी दुकान उघडू देत नव्हते. सारं नागपूर रस्त्यावर, जिलबी खपाचा दिवस, आन आमचं शटर खाली. आमचा क्लब खाली गेला त्या सालपासून. वर खिडकीच्या आड बसत. मिरवणूक गेली की मले विचारत, सायकलवाल्यानं माहा बडग्या आनला होता काय रे? मी म्हनो, नव्हता. त म्हनत, मंग पुढच्या साली आनन."

"दरवर्षी?"

"दरवर्षी, बाई. काका गेल्यावरही. या पोळ्यालेही विचारलं."

मी पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले. चेहरा ठेवला होता तसाच ठेवला, पण फार वेळ ठेवता आला नसता, म्हणून उठले. रस्त्यावर आले आणि तलावाच्या कठड्याशी उभी राहून एकटीच हसले. माझा बडग्या एका दुपारी जळून गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने शटर उघडून झारा हातात घेतला असता. तुम्ही न काढलेला बडग्या त्याला मरेपर्यंत पुरला.

तुम्हाला हे ठाऊक होतं का, एवढंच विचारायचं होतं. त्या दोऱ्या सोडताना तुमचा चेहरा मी पाहिला नाही, रागाने तुमच्या हातांकडे पाहत होते. तुम्ही सूड घेतलात असंच मी धरून चालणार आहे. समजा तुम्ही त्याला माफ केलं असेल, तर ते मला कळायला नको. आजवर मी तुम्हाला भित्रे समजत होते, आता तुम्ही माझ्याहून वाईट आहात असं समजते, आणि या समजुतीने मला तुमच्याबद्दल पहिल्यांदा अभिमान वाटतो आहे.

क्लब मोडला तेव्हा सगळे कप वाटले गेले. शील्ड कोणी मागितली नाही, ती माझ्याकडे आली. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात आहे, भिंतीकडेच तोंड करून. काल सुलटी केली. पितळ काळं पडलं आहे, चिंचेने घासावं लागेल.

आणखी एक. दिवस झाल्यावर त्यांनी दुकान उघडलं. मी काल तिथे गेले आणि पावशेर जिलबी घेतली. त्या मारबतीपासून त्यांच्या दुकानचं काही तोंडात घातलं नव्हतं. हे लिहिता लिहिता खाते आहे, आणि पाक कागदावर सांडून तुमच्या नावावरची शाई पसरली आहे. आता हे कोणाला पाठवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

जिलबी फार चांगली आहे, बाबा.