चौथा फोटो

न्यू जर्सी
११ मार्च २०१९

ओडेलाताईंना,

वर्ना गेन्सचा नमस्कार. पाकीट फोडलंत, उपकार झाले. तब्येत कशी आहे? माझं रक्तदाबाचं रडगाणं चालूच. तुमच्या चर्चमध्ये शुक्रवारची मासळी अजून तळतात का हो? पूर्वी सगळी गल्ली लोटायची.

मागच्या महिन्यात मला ज्युरीत बसायचं बोलावणं आलं. साधा चोरीचा खटला. एका बाईनं आरोपीकडे बोट दाखवलं, "हाच तो, शंभर टक्के." निकालासाठी आम्हाला आत पाठवण्याआधी न्यायाधीशबाईंनी सूचना वाचल्या. साक्षीदार खात्रीनं बोलतो म्हणून तो बरोबरच असेल असं नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो. दुसरीकडे पाहिलेला चेहरा गुन्हेगाराचा वाटू शकतो.

तुमच्या आयझायाच्या खटल्यात हे कुणी वाचलं नव्हतं, ताई.

माझ्या नवऱ्याला, क्लॅरेन्सला, दुकानात गोळी घालणारा मी दोन-तीन सेकंद पाहिला, तेही नजर बंदुकीवर. पोलिसांनी सहा फोटो मांडले. मी म्हणाले, "हा चौथा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतोय." साहेब म्हणाले, "शाब्बास मावशी! बरोब्बर ओळखलंत." कोर्टात उभी राहीपर्यंत माझी पक्की खात्री झाली होती. ते 'कुठंतरी' मी गिळलं. वकिलानं विचारलं तेव्हासुद्धा म्हणाले, "एका नजरेत ओळखला."

कुठं पाहिला होता ते त्या ज्युरीच्या खुर्चीत आठवलं. गोळीबाराच्या आदल्याच शुक्रवारी, तुमच्या चर्चमध्ये. पांढरा एप्रन घालून वाढत होता. माझ्या ताटात एक तुकडा जास्त टाकून म्हणाला, "खा की काकू! आईनं तळलंय, उरलं तर मला बोलणी बसतील."

कोर्टाच्या जिन्यात तुम्ही माझा हात धरला होतात. "बाई गं, माझ्या पोराकडे एकदा नीट बघ." मी हात झटकला.

एकवीस वर्षं, ताई. मला रडायचीही लाज वाटते.

उद्या त्याच्या वकिलाकडे जाऊन सगळं शपथेवर लिहून देणार आहे. मलाच आत टाकलं तरी चालेल. एवढ्यानं तो सुटेलच असं नाही, असं वकील फोनवर म्हणाले. माफी मागायला मला तोंड नाही. त्याला भेटायला जाल तेव्हा एवढंच सांगा, काकूला ते ताट आठवलं.

जिच्या बोटानं तुमचं घर रिकामं केलं, ती
वर्ना