मोजणी, मोजनी आणि गाळली जाणारी फाईल

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
जुने नकाशे संगणकीकरण कक्ष,
सावेडी, अहिल्यानगर.

विषय: फाईल शोधण्याच्या व्यवस्थेत अज्ञात इसमाने घुसवलेले एक्स्टेन्शन काढून टाकणेबाबत.

संदर्भ: एक्स्टेन्शन लिहिण्याच्या परवानगीसाठी माझा पूर्वीचा अर्ज, व त्यावर 'कंत्राटी कर्मचाऱ्यास मुदतवाढ देता येत नाही' हे आस्थापना शाखेचे उत्तर.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी आपल्या कक्षात कंत्राटी संगणक चालक आहे. मुदतवाढ मी मागितलीच नव्हती. स्कॅन केलेल्या फाईली शोधायला आपल्याकडे पर्ल या संगणकाच्या भाषेतली एक तयार लायब्ररी वापरतात. ती फाईलचे नाव, तारीख आणि आकार एवढेच बघते. तिला याहून जास्त शिकवायचे तर वरून एक छोटा जोड लिहावा लागतो, त्यालाच एक्स्टेन्शन म्हणतात. ठेकेदाराच्या माणसांनी फाईलींना नावे देताना जसे बोलतात तसे लिहिले, त्यामुळे निम्म्या फाईली 'मोजणी' आहेत आणि निम्म्या 'मोजनी'. ण आणि न एकच धरावा, एवढाच नियम मी लिहिला. तेव्हापासून हरवलेल्या फाईली सापडू लागल्या व कक्षातले काही चेहरे उतरले, असे माझे निरीक्षण आहे.

२. कर्जत तालुक्यातील श्रीमती कडूबाई साळवे यांच्या शेताच्या मोजणीची फाईल अशीच सापडली. नकाशात विहीर बाईंच्या हद्दीत आहे. आज तिच्यावर मोटार मात्र शेजाऱ्याची चालते. फाईल सापडल्याचे मी बाईंना सांगितले आणि कक्षात फक्त आपणांस तोंडी कळवले. दुसऱ्या दिवशी ती शोधात येईना. बाई मला म्हणाल्या, "काल हाय म्हनला, आज न्हाई म्हनता. नकाशाला पाय फुटलं व्हय?" मला लाज वाटली.

३. माझा पहिला संशय शिपाई कानिफनाथ यांच्यावर गेला, कारण ते माझ्या पडद्याकडे बघत बघत चहा ठेवतात. पण त्यांचा चष्मा कायम घरीच असतो. नंतर संशय इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यावर गेला, कारण तो इन्व्हर्टरला हात न लावताच निघून गेला होता. शेवटी फोल्डर स्वतः उघडून पाहिले, तर फाईल जागच्या जागी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फाईल कोणी नेली नव्हती, शोधणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. माझ्या एक्स्टेन्शननंतर चालणारे दुसरे एक्स्टेन्शन कोणीतरी लिहून ठेवले आहे. त्यात नियम एकच, की नावात 'कडूबाई' आले तर ती फाईल गाळावी.

४. काम नेटके आहे, हे मान्य करावे लागते. या कक्षात पर्ल जाणणारे दोघेच. एक मी. दुसऱ्यांचे नाव लिहिण्यास माझी लेखणी धजत नाही, परंतु रुजू होताच त्यांनी आपल्या पर्लच्या प्रमाणपत्राचे पेढे आम्हां सर्वांना वाटले होते. बाईंचे सदर शेजारी गेल्या आठवड्यात आपल्या दालनात दोनदा चहा घेऊन गेले. हा योगायोग असू शकतो. मी तसे समजण्याचा प्रयत्न करीत आहे.

५. गुरुवारी बाईंची सुनावणी आहे. आपल्या सही-शिक्क्याशिवाय तो नकाशा म्हणजे नुसता कागद, आणि नकाशा नाही तर विहीर गेली. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, हे मला कळत नाही, म्हणून आपल्याकडेच मागत आहे. माझे कंत्राट या महिन्यात संपते. हा अर्ज देताना मला भीती वाटते, तरीही देत आहे.

सबब विनंती, की दुसरे एक्स्टेन्शन काढून नकाशाच्या प्रतीवर सही करावी. ते जमत नसल्यास एवढे तरी करावे. बाई बुधवारी सकाळच्या एसटीने येऊन बाहेरच्या बाकावर बसतील. 'फाईल सापडत नाही' हे त्यांना आजवर आपल्या वतीने मी सांगत आलो. या वेळी आपण स्वतः बाहेर येऊन, त्यांच्या डोळ्यांत बघून सांगावे.

आपला नम्र व महिनाअखेरपर्यंत तरी सेवेत असलेला,
गोरक्ष अजिनाथ तोरडमल
दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत: दोन्ही एक्स्टेन्शनच्या छापील प्रती. नकाशाची प्रत जोडलेली नाही. ती बाईंच्या पिशवीत आहे.