न दिसणाऱ्या उजेडाची काच फोडू नये म्हणून

प्रति,
मा. निर्लेखन अधिकारी,
भांडार शाखा, काच संशोधन संस्था.

विषय : चांगली काच फोडण्याचा व फसलेली काच मिरवण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपला कालचा शेरा, ‘काच दुसरी : उजेड आढळला नाही. निरुपयोगी. परवा सकाळी फोडावी.’

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, मी काच कक्षात संशोधिका असून काल दुपारपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. अर्जात काही कमीजास्त झाल्यास ते आनंदाच्या भरात झाले असे समजून सांभाळून घ्यावे.

१. आमच्या कक्षात काच वितळवताना तिच्यात एर्बियम या दुर्मिळ धातूची चिमूटभर पूड घालतात. अशा काचेवर लेसरचा झोत सोडला की ती स्वतःचा उजेड देते. आम्हाला हवा असलेला उजेड अवरक्त, म्हणजे माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा आहे. शस्त्रक्रियेच्या लेसरसाठी तोच लागतो.

२. काल आपण पडताळणीस आलात तेव्हा टेबलावर दोन काचा होत्या. पहिली हिरवीगार उजळली. आपण तिचे तोंडभर कौतुक केलेत आणि ती दर्शनी कपाटात ठेवण्यास सांगितलेत. महोदय, ती काच फसलेली आहे. वितळवण्याआधी तिच्या भुकटीत ओल राहिली, त्या ओलीने कामाचा उजेड गिळला आणि उरलेली ताकद हिरवेपणात उधळली गेली. दुसरीची भुकटी भट्टीवरच्या काकांनी पोटच्या पोरासारखी जपून वाळवली. ती गप्प बसून सगळा अवरक्त उजेड देत होती.

३. आपण पडदे ओढून घेतलेत, चष्मा पुसलात, पुन्हा पाहिलेत. आपल्या सहायकांनी ‘मला थोडंसं दिसतंय’ असे सांगितले, ते केवळ माझी कीव येऊन, हे प्रामाणिकपणे नमूद करते. अवरक्त उजेड मोजणाऱ्या मापकाच्या पडद्यावर आलेख थेट वरच्या कडेला भिडला होता. त्यावर ‘आलेख म्हणजे उजेड नव्हे, एवढं आम्हालाही कळतं’ असे आपण म्हणालात. त्या वेळी मी हसत होते ते आपणास नव्हे. मला हसू आवरत नव्हते, आजही आवरत नाही.

४. घरीही परिस्थिती वेगळी नाही. उजेड सापडला म्हणताच सासूबाईंनी ‘दिसला का?’ असे विचारले. मला नाही, यंत्राला दिसला, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग यंत्राला शाबासकी दे, तू जेवायला बस.’ मी जेवले नाही. भूकच नव्हती.

५. पंख्याचा वारा कोणालाही दिसत नाही, तरी आपल्या शाखेने आजवर एकही पंखा त्या कारणास्तव मोडीत काढलेला नाही, याकडे नम्रपणे लक्ष वेधते. सबब शेऱ्यात ‘उजेड आढळला नाही, परंतु आहे’ अशी दुरुस्ती व्हावी. तेही शक्य नसल्यास हातोडा पहिल्या काचेवर चालवावा. आमचा कक्ष टाळ्या वाजवील. दुसरी काच ओतली त्याच दिवशी भट्टी बंद पडली आहे. तशी काच पुन्हा जमेल का, असे विचारले की काका नुसतेच भट्टीकडे बघतात. ही काच फुटली तर मी काय करीन, हे मला खरोखरच माहीत नाही.

६. अर्जासोबत जोडलेली वस्तू अर्जाचा निकाल लागेपर्यंत नष्ट करता येत नाही, असा आपल्याच शाखेचा नियम असल्याचे आज सकाळी वाचनात आले. म्हणून काच या अर्जासोबत जोडली आहे. निर्णयाची आम्हाला अजिबात घाई नाही. प्रकरण प्रथम सर्व सहपत्रांसह आमच्याच कक्षाकडे अभिप्रायार्थ पाठवावे, ही विनंती. विषय अत्यंत गुंतागुंतीचा असल्याने अभिप्राय देण्यास आम्हाला काही वर्षे लागतील.

आपली नम्र, आणि तूर्त अनावर,

(सही)
संशोधिका, काच कक्ष
दिनांक : फोडण्याच्या आदल्या दिवशीचा

सोबत :
१. आलेखाची प्रत.
२. काच दुसरी, कापसात गुंडाळून. (कृपया या सहपत्रास पंच मारू नये.)