फियाटला आजव्याचे पाणी

मी, खाली सही करणारी श्रीमती निरुपमा वामन कर्णिक, वय वर्षे एकाहत्तर, राहणार समा, बडोदे, आज सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि मागे कोणी उभे नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला साखरेचा त्रास आहे व गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे पती कै. वामनराव, ज्यांना मी पुढे सवयीप्रमाणे 'हे' असे लिहीन, ह्यांनी सर्व मिळकत माझ्या नावे केली होती. त्यामुळे ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार माझा एकटीचा आहे, हे सासरच्या मंडळींनी लक्षात घ्यावे.

कलम १. समा येथील राहते घर, ओटा व अंगणासह, माझा मुलगा नंदू यास. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. मात्र घेणाऱ्याला इथल्या बोअरच्या पाण्याविषयी आधीच सांगावे. या पाण्यात डाळ शिजत नाही. मी या घरात सारा संसार अर्धी कच्ची तूरडाळ घोटून घोटून केला.

कलम २. बँकेतील ठेवी नंदूस व दागिने सून विमल हिस. मोत्यांची नथ तिने घालावी, लॉकरमध्ये ठेवून देऊ नये.

कलम ३. पांढरी फियाट गाडी. हे कलम लांबेल.

ही गाडी घरी आली तेव्हा नंदू शाळेत होता. मला सवत आली, असे मी शेजारीपाजारी गमतीने सांगत असे. त्यात गंमत फारशी नव्हती. खंडेनवमीला इतरांच्या घरी हत्यारे-अवजारे पुसून त्यांना हळदकुंकू लावतात. आमच्याकडे त्याआधी गाडीचे पोट साफ होत असे. आदल्या संध्याकाळी हे तिला फत्तेगंजपर्यंत फिरवून आणत, म्हणजे ऑइल कोमट होऊन नीट वाहते. मग खालच्या चेंबरचा नट सोडून काळे ऑइल घमेल्यात काढायचे आणि नवे भरायचे. नवमीच्या सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे, खालची तोटी सोडायची, गंजाचे तांबडे पाणी जाऊ द्यायचे आणि रबरी नळी लावून खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धूत राहायचे. धुवायला बोअरचे पाणी चाले. भरायला चालत नसे, कारण त्याचा क्षार आत बसतो, पाण्याच्या वाटा बुजतात आणि इंजिन तापते. भरायला आजव्याचे पाणी लागे.

ते यायचे ह्यांच्या धाकट्या बहिणीकडून. कमलाताईंनी लग्न केले नाही. शाळेत गणित शिकवले आणि खंडेराव मार्केटच्या मागच्या आमच्या सासरच्या घरातच राहिल्या. तिथल्या नळाला आजवा तलावाचे गोड पाणी आहे. नवमीला त्या रिक्षातून कॅन घेऊन येत, पदर खोचून ह्यांच्याबरोबर बॉनेटखाली डोके घालत, आणि दोघे हसत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत डाळ घोटत उभी असे आणि बाहेर गाडी गोड पाणी पीत असे. एकदा मी ह्यांना म्हटले, त्यातले तांब्याभर मला द्या, सणाचे वरण तरी धड होऊ दे. ह्यांचे उत्तर शब्दशः लिहिते.

"निरू, डाळ उशिरा शिजली तर आपण उशिरा जेवू. हिच्यात क्षार बसला तर इंजिन जाईल."

गाडीला 'हिच्यात' म्हणाले.

काम संपले की हे रॉकेलच्या फडक्याने कमलाताईंचे हात पुसून देत. माझे पिठाचे, राखेने चिरलेले हात ह्यांनी कधी पुसले नाहीत. मी ते विसरलेले नाही आणि माझ्या मृत्युपत्रात ते लिहिण्याचा मला हक्क आहे.

हे गेल्यानंतरच्या पहिल्या नवमीला कमलाताई कॅन घेऊन आल्या, तेव्हा बॉनेट मी आधीच उघडून ठेवले होते. इतकी वर्षे खिडकीतून डोळ्यांत तेल घालून पाहिले होते, त्यामुळे कोणाला काही विचारावे लागले नाही. त्यांनी पदर खोचला. मी म्हटले, तुम्ही बसा. तेव्हापासून त्या ओट्यावर बसतात आणि काम मी करते. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी व ऑइल वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नये. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि गाडी जागची हलवू नये. पाणी भरल्यावर झाकण उघडेच ठेवून इंजिन चालू करावे, बुडबुडे थांबले की पाणी पुन्हा काठोकाठ करावे. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणीही उघडू नये. काळे ऑइल गटारात ओतू नये, डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्यावे. हे सगळे मला येते आणि आजवर कोणी माझे कौतुक केलेले नाही.

गाडी कमलाताईंनाच जाणार असे सासरी सगळे धरून चालले आहेत. ह्यांच्या मागे त्यांनी दुसरे काही मागितले नाही. फक्त एकदा विचारले, वहिनी, गाडीचं काय ठरवलंत. मी म्हटले, अजून काही नाही. आता ठरवते. सदर फियाट माझे बंधू दीनानाथ यांस द्यावी. दीनानाथला गाडी चालवता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम ४. नट सोडायचे पाने, रबरी नळी, घमेले व हत्यारांची पेटी हीदेखील दीनानाथास.

कलम ५. साक्षीदार म्हणून शेजारचे श्री. हिंमतराव मोहिते व कमलाताई यांच्या सह्या होतील. वकिलांनी मला सांगितले आहे की ज्याला काही मिळणार त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये. म्हणूनच कमलाताईंना बोलावले आहे. त्या फोनवर लगेच हो म्हणाल्या, कागदात काय आहे तेही विचारले नाही. त्याचाही मला राग आला.

येथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे जेवणानंतर लिहीत आहे.

कमलाताई आल्या त्या कॅनसकट. नवमी आहे म्हणून मी आधी गाडीचे काम काढले, सह्या मागाहून. रेडिएटरची तोटी जाम झाली होती. गुडघ्यांमुळे मला खाली वाकता येईना आणि ते मला त्यांच्या देखत कबूल करायचे नव्हते. त्या गोणपाट अंथरून, या वयात, गाडीखाली सरकल्या आणि पान्याने तोटी सोडवली. तांबडे पाणी त्यांच्या बाहीवर आले. त्यांचे नुसते पाय दिसत होते, चेहरा दिसत नव्हता, म्हणून मला विचारता आले. मी विचारले, इतकी वर्षे तुम्ही दोघे इथे हसत कशाला होता?

गाडीखालून त्या म्हणाल्या, "तुम्हाला. दुसरं कोणाला? खिडकीत डाळ घोटताना तुम्ही कशा बघता, त्याची दादा नक्कल करायचा."

मी म्हटले, म्हणजे माझी चेष्टा करायला सणाचा दिवस मिळाला होता.

"चेष्टा कसली, वहिनी. दादाचं सारखं, निरू असं म्हणाली, निरूने तसं केलं, निरूच्या हाताला चव आहे पण तिला सांगू नको, डोक्यावर बसेल. वर्षभर दादा तुमचाच होता. मला ही एक सकाळ मिळायची, तीही तुमच्याच गोष्टी ऐकण्यात जायची. म्हटलं एमां शूं, त्यात काय, हसून घ्यावं. परत जाताना रिक्षात रडायचे."

मला काय वाटले ते लिहिते. आनंद झाला, आणि त्याच वेळी जळफळाटही झाला. माझ्या हाताची चव ह्यांनी मला सोडून बहिणीला सांगितली. ज्या दुपारी मी कच्च्या वरणावर रडत होते, त्याच दुपारी रिक्षात बसून ही बाई माझ्यावर जळत होती. इतकी वर्षे आम्ही दोघी एकमेकींचा हेवा करत राहिलो आणि हे मध्ये उभे राहून मजेत पाणी भरत होते.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात काळे झाले होते. मी रॉकेलचे फडके पुढे केले. त्यांनी ते घेतले आणि आधी माझे हात पुसले.

कॅनमधले अर्धे पाणी रेडिएटरला घातले, उरलेल्यात डाळ लावली. वरण लोण्यासारखे झाले. आम्ही दोघी जेवलो. ते इतके सोपे होते याचा मला पुन्हा राग आला.

सबब, कलम ३ चा शेवट व कलम ४ मी आडव्या रेघेने रद्द करत आहे. रेघ बारीक मारली आहे, खालचे वाचता येईल. मी सकाळी रागावले होते ते खोटे नव्हते आणि ते कोणी पुसून टाकू नये. दीनानाथला वाईट वाटायचे कारण नाही, त्याला यातले काही माहीत नाही.

फियाट गाडी व हत्यारांची पेटी माझ्या पश्चात माझी नणंद कमलाताई यांस. तोवर नवे ऑइल मीच भरेन. खालचा नट व तोटी त्यांनी सोडावी. दर नवमीला कॅन दोन आणावेत. आणि दर नवमीला, काम चालू असताना, ह्यांनी माझ्याविषयी जे जे सांगितले त्यातली एक एक गोष्ट त्यांनी मला सांगावी. त्या गोष्टी मूळच्या माझ्या मालकीच्या आहेत. इतकी वर्षे त्या चुकून त्यांच्या ताब्यात राहिल्या.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम नंदूने करावे. त्याने ते दोनदा वाचावे.

स्थळ: समा, बडोदे
आश्विन शुद्ध नवमी, शके १९२५

सही: निरुपमा वामन कर्णिक

आमच्या समक्ष सही केली:

१. हिंमतराव मोहिते

२. कु. कमला कर्णिक. हे नाव मी सकाळी लिहिले होते व आता मीच खोडले आहे. त्यांच्या जागी सौ. लीला मोहिते यांची सही घेतली. कमलाताईंनी कारण विचारले नाही, म्हणून येथे लिहून ठेवते: त्यांची सही चालणार नाही, त्यांना गाडी मिळायची आहे. नि. वा. क.