हॉलचा रंग मीच देणार

सोमवार
मुलीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील रविवारी येणार. हॉल अजून पोपटी, तोही ऑइलपेंट. बायकोची निवड. का, तर पुसता येतो! ठराव : रविवारच्या आत हॉल 'वॉर्म सँड'. ना पिवळा, ना पांढरा. शांत, उबदार, खानदानी. थोडक्यात, माझ्यासारखा.

मंगळवार, सकाळ
रंगारी आला. भिंतीवर नख ओढून म्हणाला, आधी घासायला हवं, मग प्रायमर, सहा दिवस तरी लागतील. भिंतीला रंग द्यायचाय की तिची मुंज करायचीय? वाटेला लावला. मीच देणार. बायको म्हणाली, जमेल का तुम्हाला? काही प्रश्न उत्तराच्या लायकीचे नसतात.

बुधवार
रजा टाकली. दुकानदारही प्रायमर, प्रायमर करत होता. सगळे एकाच माळेचे मणी. फक्त रंग, रोलर आणि कडांना लावायची चिकटपट्टी आणली.

गुरुवार, दुपारी ३
पहिला हात झाला. किंचित हिरवट. शेजारचे डोकावून म्हणाले, ओल आली का हो? यांच्या घरात भिंती आहेत एवढंच. बायको म्हणाली, तापाने फणफणलेल्या माणसाच्या जिभेसारखा दिसतोय. मुलगी काहीच बोलली नाही. म्हणजे तिला आवडला. मग दोघी आतल्या खोलीत फोनवर बराच वेळ मेव्हण्याशी हळू आवाजात बोलत होत्या. कौतुक तोंडावर करायची या घरात पद्धत नाही.

शुक्रवार
दुसरा हात. आता खरोखर सुंदर. निदान पडदे ओढल्यावर. पाठ धरली आहे.

शनिवार, सकाळ
चिकटपट्टी ओढली. रंगही आला. वीतभर. कड नीट करायला टोक धरलं, तर दाराएवढा पापुद्रा हातात. खाली पोपटी, अगदी टवटवीत. पट्टी हलकी निघाली. हल्ली माल कुठे चांगला मिळतो? कपाट सरकवून झाकू.

शनिवार, संध्याकाळ
कपाट एक. जागा चार.

रविवार, सकाळी ९
इस्त्रीचे कपडे घालून कपाटासमोर उभा राहिलो. बायको म्हणाली, चला, उशीर होतोय. कुठे? तर तिच्या भावाकडे. पाहुणे तिकडेच येतायत, गुरुवारीच ठरलं. मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही कामात होतात.

रविवार, संध्याकाळ
लग्न ठरलं. मेव्हणा यजमानासारखा मिरवत होता. घर त्याचं, तेव्हा मिरवणारच. मुलाचे वडील माणूस सज्जन. माझ्याशेजारी येऊन बसले, गुडघ्यावर हात ठेवला आणि फार हळुवारपणे विचारलं, आता तब्येत कशी आहे? तुम्हाला घरी पाहुण्यांची दगदग सोसणार नाही म्हणून इकडे जमायचं ठरलं, असं मुलीने सांगितलंय.
मुलीकडे पाहिलं. ती टीपॉयकडे बघत होती.
म्हटलं, आता बरी आहे.