जीपच्या दांड्यावरचं कुंकू

अप्पा, तुम्ही मला शेवटचं मारलंत ते बिदरात, गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या आवारात, जीपच्या हँडलनं. आज सकाळी बनियन घालताना डावा हात वर जाईना, तेव्हा तुमची आठवण झाली. लोकांना बापाचा पाठीवरून फिरलेला हात आठवतो. मला तुमचा हात आठवतो तो बसचं स्टेअरिंग ओढून घट्टे पडलेला आणि माझ्या कानाखाली बसलेला. बसवकल्याण-उमरगा रस्त्यावर तुम्ही सरकारी बस चालवायचात आणि दिवसभराचा राग घरी आणायचात. भाकरी करपली म्हणून तुम्ही तापलेला तवा आईच्या अंगावर भिरकावला होता. तिच्या कोपरावरचा तो डाग मी तिच्या शेवटच्या आजारापर्यंत पाहिला. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी तुम्हाला माफ केलं.

तेव्हा मी हायस्कुलात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि आम्हा चार-पाच जणांना गाड्या पळवायचं खूळ लागलं होतं. बिदरच्या बाहेर लाल मुरमाचा टणक माळ आहे. तिथं दगडांना चुना फासून गोल वाट आखायची आणि रविवारी घड्याळ लावून एकेकानं फेऱ्या मारायच्या. बक्षीस नाही, काही नाही, नुसती हौस. बाकीच्यांकडे कुठून कुठून आणलेल्या जुन्या गाड्या होत्या. माझ्याकडे नव्हती. शाळेतला विज्ञानाचा मास्तर माझा जिवलग दोस्त. आम्ही दोघांत मिळून एक घ्यायची ठरवली, आणि पहिली फेरी मी मारायची हेही ठरलं. खिशाला झेपतील अशा दोनच होत्या: एका डॉक्टरांची ठेंगणी काळी मोटार आणि गुत्तेदाराची जीप. माझं मन जीपवर बसलं होतं, पण तुम्हाला न विचारता घ्यायची छाती नव्हती.

"जीप उंच हाय. वळणावर पालथी पडती," तुम्ही म्हणालात. "त्या डॉक्टरची घे. बुटकी हाय, हलकी हाय."

"ती पळत न्हाई, अप्पा."

"पळायचंच कामून बघायलास? थांबती का बघ की आधी."

मग आपण दोघं ओट्यावर बसून ब्रेक, चाकं, स्प्रिंगा यांवर कितीतरी वेळ बोललो. जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी माणसाशी बोलावं तसं बोलत होता. आई दारात येऊन बघून गेली. मला इतकं बरं वाटलं की तुम्ही म्हणाला असता तर मी डॉक्टरांच्या त्या मोटारीलाही हो म्हटलं असतं. पण तुम्हीच धोतर झटकून उठलात आणि म्हणालात, चल, जीप बघून तर येऊ.

दसरा आदल्याच दिवशी झाला होता. खंडेनवमीला आपल्याकडं गाडीचा एक कोपरा कोरा सोडत नाहीत. गुत्तेदाराच्या ड्रायव्हरनं बॉनेटवर, चाकांवर, खालच्या दांड्यांवरसुद्धा तेलात कालवलेलं हळदकुंकू थापलं होतं. फोडलेला कोहळा चाकाखाली तसाच पडलेला. पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही, जाईल तेव्हा जाऊ देतात, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तरी तुम्ही जीपखाली शिरलात आणि तुमचे वडील बाजारात मेंढरू घेताना लोकर सारून कातडं बघायचे तसं अंगठ्यानं दांड्यांवरचं कुंकू सारायला लागलात.

"ओ मामा, पूजेची गाडी हाय," ड्रायव्हर ओरडला. "कुंकू कामून पुसायलाव?"

"माल बघायलोय."

"घरात बायकोचं बी असंच पुसता व्हय?"

तुम्ही खालून बाहेर आलात ते जीप चालू करायचा लोखंडी हँडल हातात घेऊनच. ड्रायव्हरनं तोंडापुढं हात धरला आणि तुम्ही तो हातच फोडलात. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मग आवारातले हमाल तुमच्यावर तुटून पडले. फेटा सुटला, लाथा बसल्या, तुमच्या तोंडातून रक्त आलं आणि तुम्ही तरी मारतच होता. मी मध्ये घुसलो, तुमच्या कमरेला मिठी घातली, "अप्पा, बास, मी हाय" असं ओरडलो. तुम्ही वळलात. माझ्या डोळ्यांत बघितलंत. मला ओळखलंत, अप्पा, ते मी शपथेवर सांगतो. आणि हँडल माझ्या खांद्यावर घातलात.

गळपट्टीचं हाड दोन जागी मोडलं. हात गळ्यात बांधून मी घरी पडलो. अर्धवट पुसलेल्या कुंकवाची ती जीप अशुभ म्हणून कुणी घेईना, आणि माझ्या दोस्तानं हसत हसत ती उचलली. तो अशा गोष्टी मानत नव्हता, पण त्याची आई मानायची. तिनं जीप दारात येताच खाली वाकून दांड्यावर तुम्ही पुसलेल्या जागी नवं कुंकू लावलं, चांगलं जाड. पुढच्याच रविवारी माळावर पहिली फेरी त्यानं मारली. मी चुन्याच्या दगडांपाशी उभा होतो. वळणावर पुढच्या चाकांना जोडणारा दांडा तुटला, चाकं दोन दिशांना फाकली आणि जीप कोलांट्या खात आली. स्टेअरिंग त्याच्या छातीत घुसलं होतं. एका हातानं ओढून ओढून मी त्याला बाहेर काढू शकलो नाही. माझ्या बुटात त्याचं रक्त गेलं. नंतर मिस्त्रीनं तुटलेलं टोक दाखवलं: अर्धा भाग आत्ताच तुटलेला, चकचकीत, आणि अर्धा जुन्या गंजलेल्या चिरेचा. चिरेच्या आत कुंकू होतं.

तेव्हापासून गावात तुमची गोष्ट झाली. बापाला चीर दिसली, पोरगं ऐकणार नाही म्हणून बापानं त्याचा हातच मोडला. आई तर हे सांगताना डोळ्यांना पदर लावायची, ज्या हाताच्या कोपरावर तव्याचा डाग होता तोच हात वर करून. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तुमचे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा मी एकदाचं विचारलं, "अप्पा, चीर दिसली होती का?"

तुम्ही छताकडं बघत होता. "न्हाई रे," म्हणालात. "राग आल्ता."

तेवढंच. मी तुमच्या तोंडाला पाणी लावलं आणि बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो. त्या रागानं मी जगलो आणि दोस्त गेला, आणि ते कुठं ठेवावं हे मला आजही कळत नाही. तुमचा राग मला अजूनही येतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. आज नातवानं माझ्या खांद्यावरच्या हाडाच्या गाठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, पणजोबांनी तुम्हाला का मारलं? मी त्याला सांगितलं, त्यांना चीर दिसली होती.