शिफ्टरावाचा उजवा हात

पिंपरी,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. शेखर,

जयभीम. तुम्ही तिघं बरी असाल. अपेक्षाला बढती मिळाल्याचं आईकडून कळलं, तिला माझी शाबासकी सांग. नेहाची सहामाही जवळ आली असेल. तिला म्हणावं, भूमितीच्या आकृत्या तरी आत्यासारख्या काढ.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी नीट झालं. काळा चष्मा लावून ओट्यावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "कशी दिसते हिरॉईन?" थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत, ते मी घालते. पाणी अजून दिवसाआडच येतं. बाकी गल्लीत नवीन काही नाही.

तू आईला दोनदा फोन केलास, मला केला नाहीस. मीही केला नाही. फोनवर तू मधेच "अक्का, मीटिंग आहे" म्हणतोस आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. म्हणून लिहिते. हे घरी पाठवणार होते, पण आधी अपेक्षाच्या हाती पडायला नको, म्हणून तुझ्या हिंजवडीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. तिला दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर तूच ठरव.

करिष्माबद्दल तुला त्या दिवशी फोनवर नीट सांगताच आलं नाही. ती आमच्या शाळेत दहावीपर्यंत होती. वडील नाहीत, आई चाकणला एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते. गणितात कच्ची, चित्रकलेत बरी, तोंडाची टकळी कधी बंद नाही. फळ्यावर मी पेपरातल्या माझ्या चित्रमालेतला शिफ्टराव काढायला लागले की पहिल्या बाकावरून ओरडायची, "मॅडम, आज तो साहेबाला काय बोलणार?" आता एकवीस वर्षांची आहे. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागली होती. वीस ऑगस्टला तिचा उजवा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली सापडला. तीन बोटं गेली.

कळल्यावर मी सफरचंदं घेऊन इस्पितळात गेले. वाटलं होतं, मला बघून रडेल. ती रडली नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं. तिची आई म्हणाली, "अगं, मॅडम आल्यात."

"व्हय, बघितलं," करिष्मा म्हणाली. "भिंतीवरच्या मॅडम."

मला काहीच कळेना. मग तिच्या आईने मोबाइलमधला फोटो दाखवला. करिष्माच्या प्रेसमागच्या भिंतीवर मोठं पोस्टर होतं. त्यावर एक गोरापान, दाढी कोरलेला, पिवळं हेल्मेट घातलेला तरुण हसत उभा होता. मी ओळखलं नसतं, पण नाक आणि मिशी मी काढायचे तशीच होती. खाली लिहिलेलं, "शिफ्टराव सांगतो : अपघात मशीन करत नाही, बेसावध माणूस करतो." त्याने उजव्या हाताचा अंगठा वर केला होता. हाताला पाचही बोटं होती. आणि तळाशी, तुझ्या जाहिरात एजन्सीच्या नावाशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत, "मूळ संकल्पना : आम्रपाली."

"चौकशीला सरकारी साहेब आले होते ना," करिष्मा म्हणाली, "तेव्हा आमच्या मॅनेजरने त्या चित्राकडं बोट केलं. म्हणाला, बघा, आम्ही किती शिकवतो यांना, ही पोरगीच बेसावध. मॅडम, बटण त्यांनी बांधून ठेवलं होतं. मी बेसावध नव्हते. तुम्ही असं का लिहिलंत?"

शेखर, छत्तीस वर्षं शिकवलं मी. मुलांचे पुष्कळ प्रश्न ऐकले. असा कोणी विचारला नव्हता. "मी लिहिलं नाही गं," एवढंच म्हणाले. तिने विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

खाली उतरून तिथूनच तुला फोन लावला. तू काय म्हणालास ते तुला आठवत असेल, मला तर शब्द न् शब्द पाठ आहे. "अक्का, कॅरेक्टर आहे ते. कॅरेक्टर काळाप्रमाणे अपडेट करावं लागतं. तुटक्या हाताचा माणूस सेफ्टीच्या पोस्टरवर निगेटिव्ह जातो. आणि तू नाही का बदललंस त्याला इतकी वर्षं?" मग मीटिंग.

या शेवटच्या प्रश्नावर मी तीन आठवडे विचार केला. खरं आहे, बदललं.

ब्याण्णव साली "दैनिक पवनाकाठ"मध्ये पहिला शिफ्टराव आला तेव्हा चार चौकटी मिळायच्या. तो सायकलवर होता, हँडलला डबा अडकवलेला. नाक एवढं मोठं काढलं कारण त्यांच्या छपाईत बारीक रेघ फुटायची. त्याची बायको हौसा नुसती दारात पळी घेऊन उभी असायची. भोसरीच्या पॅकिंगमधल्या चौदा बायकांनी सह्या करून पत्र पाठवलं, "आमची हौसा कामाला कधी जाणार?" पुढच्याच महिन्यात मी तिला कामाला लावलं, आणि ती त्याच्यापेक्षा जास्त बोलायला लागली. मग कारखाने बंद पडायला लागले, तेव्हा शिफ्टरावाचीही कायम नोकरी गेली आणि तो कंत्राटदाराकडे लागला. सायकलची मोपेड झाली, हातात मोबाइल आला. पेपरला जाहिराती वाढल्या तशा माझ्या चार चौकटींच्या तीन झाल्या, मग दोन. त्याची मिशी मी पांढरी केली. संपादक म्हणाले, "अहो, कार्टूनमधली माणसं म्हातारी होत नसतात." मी म्हटलं, "प्रेसवरची होतात." दोन हजार चौदा साली त्यांनी सदरच बंद केलं. त्यानंतर तो फक्त माझ्या फळ्यावर उरला.

हे सगळं मी बदललं. पण त्याच्या उजव्या हाताला पहिल्या दिवसापासून तीनच बोटं होती. अंगठा, करंगळी आणि करंगळीशेजारचं. संपादकांना वाटायचं, कार्टूनला बोटं कमीच असतात. कामगारांना तसं वाटायचं नाही. ते विचारायचे, "मॅडम, कुठल्या खात्यातला हो हा?"

कुठल्या खात्यातला ते तुला माहीत आहे. शहाऐंशी साली प्रेसमध्ये बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. माल लवकर निघावा म्हणून बाबांच्या साहेबाने एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं होतं. करिष्माचंही तसंच. एकोणचाळीस वर्षांत पट्टीची फक्त प्लॅस्टिकची दोरी झाली. चौऱ्याण्णव साली मी शिफ्टरावाच्या तोंडी घातलं होतं, "साहेब, हे बटण माझ्या हातासाठी बसवलंय, तुमच्या टार्गेटसाठी न्हाई." ते वाक्य बाबांचं होतं. त्यांना तेव्हा बोलता आलं नव्हतं, ते मला म्हणाले, "आमू, माझ्या वाटचं तुझा शिफ्टराव बोलला." ते कात्रण त्यांनी मरेपर्यंत पाकिटात ठेवलं.

आता जे वीस वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. राग आला तरी वाचणं सोडू नकोस, कारण यात चूक माझीही आहे.

तुझं लग्न ठरत होतं. तू मला चिंचवड स्टेशनबाहेर चहाला बोलावलंस. म्हणालास, "अक्का, अपेक्षाच्या वडिलांना मी बाबा सुपरवायझर होते म्हणून सांगितलंय. ते हल्ली पवनाकाठ रोज वाचायला लागलेत. शिफ्टराव तू काढतेस हे त्यांना कळलंय. हात बघितला तर दोन अधिक दोन करतील. लग्न होईपर्यंत तेवढा हात झाकशील?"

मी नाही म्हणायला हवं होतं. तू धाकटा, लाडका, घरातला पहिला इंजिनियर. मी म्हटलं, बरं.

चार महिने शिफ्टरावाचा उजवा हात कधी खिशात होता, कधी पिशवीमागे, कधी चौकटीच्या बाहेर. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. बाबा मात्र एका सकाळी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आमू, शिफ्टरावाला थंडी वाजती काय गं? हात बाहेरच काढत न्हाई."

मी म्हटलं, "तसंच काढलंय, बाबा. सहज."

त्यांनी मग लग्नाला कोट शिवायचा हट्ट धरला. मे महिन्यात, भर दुपारचं लग्न, आणि बाबांना कोट हवा. आई चिडली, "म्हातारपणी काय हौस ही!" तू तर खूश झालास, की बाबा नीटनेटके दिसणार. शेखर, तुझा लग्नाचा अल्बम काढून बघ. एकाही फोटोत बाबांचा उजवा हात नाही. सगळीकडे तो कोटाच्या खिशात आहे. व्याह्यांना हार घालताना मला जवळ बोलावून म्हणाले, "तू घाल, माझा खांदा दुखतोया." त्यांचा खांदा दुखत नव्हता. तू त्यांना काही सांगितलं नव्हतंस, मीही नव्हतं. त्यांना पेपरमधून कळलं होतं. मी काढलेल्या चित्रातून.

लग्नानंतरच्या सोमवारी मी हात परत बाहेर काढला. त्या दिवसापासून बाबांनी शिफ्टराव वाचायचा सोडला. सहा वर्षं जगले त्यानंतर. पेपर घ्यायचे, ते पान उलटायचे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

म्हणून तुझ्यावर आवाज चढवायचा मला किती हक्क आहे, हे मी जाणून आहे. पण मी चार महिने हात लपवला. तू बोटं परत लावलीस, आणि वर त्याच माणसाच्या तोंडून म्हणवून घेतलंस की चूक त्याचीच होती. बाबांनी तुला आणि मला कधी असं शिकवलं नाही.

आणि माझ्याकडून सही कशी घेतलीस! गेल्या वर्षी चौदा एप्रिलला तू जयंतीला आलास. मिरवणूक बघून आलो, जेवलो, आईने तुला तिसऱ्यांदा खीर वाढली. तू माझी पत्र्याची पेटी मागितलीस. म्हणालास, "अक्का, बावीस वर्षांचं काम वाळवी खाऊन टाकेल. मी स्कॅन करून ठेवतो. ही फक्त स्कॅनिंगची परवानगी आहे, इथे सही कर." मला भरून आलं. वाटलं, माझ्या भावाला माझ्या कामाची किंमत आहे. शिफ्टरावाचे हक्क तुला देणाऱ्या त्या कागदावर मी एक ओळ न वाचता सही केली. तू मागितली असतीस तर कदाचित वाचूनही केली असती, इतका माझा तुझ्यावर जीव. तेवढंसुद्धा तू मला विचारलं नाहीस.

आता बातमी. शुक्रवारी मी करिष्मा आणि तिच्या आईबरोबर कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात गेले. चौऱ्याण्णवचं ते कात्रण, बाबांच्या पाकिटातलं, पुढे ठेवलं आणि लेखी जबाब दिला की पोस्टरवरचं चित्र आणि वाक्य माझं नाही, आणि माझ्या शिफ्टरावाने या बटणाबद्दल काय म्हटलं होतं ते हे. अधिकारी बाई होत्या. त्यांनी कात्रण दोनदा वाचलं, झेरॉक्स काढून घेतली. बटण बांधलेलं होतं हे सांगायला करिष्माच्या शिफ्टमधल्या दोन मुलीही आल्या होत्या. एकीच्या अंगात कंपनीचाच शर्ट होता. घाबरलेली होती, पण आली. परत निघताना करिष्मा डाव्या हाताने माझा पदर धरून रस्ता ओलांडत होती, आणि शाळेतल्यासारखी बडबडत होती.

बाईंनी मला शेवटी विचारलं, "मग हे चित्र कंपनीपर्यंत पोचलं कसं?"

मी तुझं नाव सांगितलं. तुझ्या एजन्सीचं सांगितलं, पेटीचं आणि सहीचं सांगितलं. तुला बोलावणं येईल. मूळ चित्रात हात कसा होता आणि तो बदलायला कोणी सांगितलं, हे ते विचारतील. तू काय उत्तर द्यावंस ते मी सांगणार नाही. पेटी मात्र परत हवी, या आठवड्यात. तू ये किंवा कोणाबरोबर पाठव.

आईला मी काल सगळं सांगितलं, कोटासकट. मला वाटलं, तुझी बाजू घेईल. ती एवढंच म्हणाली, "त्याला तू कळीव. पोलिसाकडून, नोटिशीतून नको कळाया. बहीण हायेस." म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिलंच असतं की नाही, ठाऊक नाही.

आईचा दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे. तिला तू लागशील तेव्हा. तिच्यासाठी दार उघडंच आहे, केव्हाही ये. माझ्याशी बोलायला यायचं असेल तर आधी निरीक्षकांकडे जाऊन ये.

दर पत्राखाली "तुझी अक्का" लिहीत आले. आज हात तिथे थांबतो. शुक्रवारी जबाबावर केली तीच सही करते.

आम्रपाली भिमाजी ओव्हाळ